ग्लुकोज जळलं तर गॅस किती ग्रॅम? मोल, मोळी आणि वजनकाटा

परवा भाची वही घेऊन आली. अकरावी सायन्स, क्लास कोल्हापुरात राजारामपुरीत, सुटला की चहाला आमच्याकडंच टपकते. "मामा, मी बरोबर सोडवलोय की, तरी उत्तर जुळंना." (आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) गणित साधं होतं, १० ग्रॅम ग्लुकोजचं पेशीत पूर्ण श्वसन झालं तर कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम निघेल. बाईसाहेबांनी उत्तर लिहिलेलं ६० ग्रॅम. का, तर समीकरणात ग्लुकोजच्या आधी १ आहे आणि कार्बन डायऑक्साइडच्या आधी ६, मग दहाच्या सहापट साठ, विषय संपला.

मी हसलो नाही कारण बारावीला मीपण हेच केलेलं आणि सरांनी माझा पेपर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलेला, ते अजून विसरलो नाही. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू, कारण ही चूक दरवर्षी नवीन पोरं नव्यानं करतात आणि गाईडात नुसती उत्तरं असतात, पाय कुठं घसरतो ते कुणी लिहीत नाही.

तर आधी समीकरण. पेशीत जे काय शंभर भानगडी होतात, ग्लायकोलिसिस, क्रेब्स सायकल, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन, त्या सगळ्यांचा हिशोब शेवटी एका ओळीत बसतो,

१ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डायऑक्साइड + ६ पाणी + ऊर्जा

ग्लुकोज म्हणजे सी६ एच१२ ओ६. ही ओळ पाठ करण्यापेक्षा स्वतः बॅलन्स करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कार्बन सहा आहेत तर कार्बन डायऑक्साइड सहाच निघणार, हायड्रोजन बारा आहेत तर पाणी सहा, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी मोजायचा. उजवीकडं ऑक्सिजनचे अणू बारा अधिक सहा अठरा झाले, ग्लुकोजमध्ये सहा आधीच आहेत, राहिले बारा, ते जोडीजोडीनं येतात म्हणून सहा रेणू. ऑक्सिजन आधी धरून बसलात तर गोल गोल फिरत बसाल.

ते सहा कार्बन डायऑक्साइड एकदम धूर निघाल्यासारखे निघत नाहीत बरं का. ग्लायकोलिसिसमध्ये एकही निघत नाही, ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट, म्हणजे तीन-तीन कार्बनचे तुकडे, होतात एवढंच. मग पायरुव्हेटचं ॲसिटाइल कोए होताना दोन निघतात आणि उरलेले चार क्रेब्स सायकलमध्ये, जी हान्स क्रेब्सनं १९३७ साली मांडली आणि १९५३ साली ज्यासाठी त्याला नोबेल मिळालं. आणि आपण ओढलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये जातोय असं सगळ्यांना वाटतं, ते चूक आहे, तो इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्टच्या साखळीच्या शेवटाला हायड्रोजनला भेटून पाणी होतो. म्हणून काही पुस्तकांत डावीकडं सहा पाणी आणि उजवीकडं बारा पाणी लिहिलेलं असतं. ते बघून घाबरू नका, गॅसच्या हिशोबाला काहीच फरक पडत नाही, सहा पाणी दोन्हीकडनं छाटलं की आपलीच ओळ उरते.

आता मुद्द्याचं. त्या ओळीतला १ आणि ६ हे ग्रॅम नाहीत. हे समजलं की अर्धं गणित सुटलं.

ऊसतोड बघितली असेलच. फडात ऊस तोडून मोळ्या बांधतात आणि ट्रॉलीत भरतात, भरणारा गडी मोळ्या मोजतो. कारखान्याच्या गेटावर मात्र मोळी कोण विचारत नाही, तिथं काटा असतो आणि पावतीवर टन पडतात. आता धरा एका मोळीत जाडजूड ऊस आहे आणि दुसरीत बारका, पण कांड्या दोन्हीत सारख्याच मोजून घातल्यात. मोळी एकच, वजन वेगळं. रसायनातला मोल म्हणजे अशीच मोळी, फरक एवढाच की शेतातली मोळी अंदाजानं बांधतात आणि ही एकदम मोजून, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढे रेणू, एकही कांडी इकडं तिकडं नाही. समीकरण मोळीची भाषा बोलतंय, प्रश्न विचारणारा काट्यावर उभा राहून ग्रॅमची भाषा बोलतोय, आणि मधे दुभाषाचं काम आपल्याला करायचंय, बाकी ह्या स्टॉइकिओमेट्री नावाच्या जडजंबाल शब्दात दुसरं काही नाही.

मोळीचं वजन काढायचं तर कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ एवढं लक्षात ठेवा, परीक्षेला पुरतं. ग्लुकोज सहा बारे बहात्तर, अधिक बारा, अधिक सहा सोळे शहाण्णव, झाले १८०. कार्बन डायऑक्साइड १२ अधिक ३२, म्हणजे ४४. पाणी १८. ऑक्सिजन वायू ३२, सोळा नाही, कारण तो कधी एकटा फिरत नाही, जोडीनंच असतो. निम्म्या वर्गाचं उत्तर बरोबर निम्मं येतं ते ह्याच सोळामुळं. आणि दुसरी गंमत, काही पोरं ४४ ला आधीच सहानं गुणून २६४ हे कार्बन डायऑक्साइडचं मोलर मास म्हणून लिहितात आणि पुढं परत सहानं गुणतात. मोळीचं वजन एका मोळीचं, किती मोळ्या ते नंतर.

आता भाचीचं गणित. १० ग्रॅम ग्लुकोज काट्यावर आहे, त्याच्या मोळ्या किती? १० भागिले १८०. इथं लगेच कॅल्क्युलेटर काढून ०.०५५५५५ करत बसू नका, अपूर्णांकच ठेवा, १/१८. एका ग्लुकोजला सहा कार्बन डायऑक्साइड, म्हणून १/१८ गुणिले ६ म्हणजे १/३ मोल. आता परत काट्यावर, १/३ गुणिले ४४, आले १४.६७ ग्रॅम. बस्स. ऑक्सिजनपण सहाच आहे, म्हणजे तोही १/३ मोल, गुणिले ३२, १०.६७ ग्रॅम लागला. पाणी १/३ गुणिले १८, ६ ग्रॅम.

ग्रॅमवरनं मोल, मोलवरनं मोल, मोलवरनं ग्रॅम. मधली उडी सोडून ग्रॅमवरनं ग्रॅमवर गेलात की ६० ग्रॅम.

दशांश मधेच का तोडू नये तेपण सांगतो. ०.०५५५ ला कुणी ०.०६ केलं तर शेवटी १५.८४ येतं आणि पर्यायांत १४.६७ दिसत नाही म्हणून पोरं "यापैकी नाही"ला गोल करून मोकळी होतात. काय करायचं ते छाटणं शेवटच्या ओळीत करा.

आता ताळा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, उशिरा कळलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आत गेलं १० अधिक १०.६७, म्हणजे २०.६७. बाहेर आलं १४.६७ अधिक ६, २०.६७. जुळलं. जुळलं नाही तर समजायचं कुठंतरी काटा मारलाय. उसाच्या काट्याबद्दल आमच्याकडं पारावर किती बोललं जातं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, तोच संशय इथं स्वतःच्या वहीवर घ्यायचा. भाचीचे ६० ग्रॅम इथंच उघडे पडतात, आत सगळं मिळून वीस ग्रॅम गेलंय तर बाहेर साठ येणार कुठनं? वजन हवेतनं पैदा होत नाही, हे अठराव्या शतकात लाव्हाझिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं तराजूवर दाखवून दिलं, आणि त्याच माणसानं लाप्लासला सोबत घेऊन गिनीपिग बर्फाच्या भांड्यात ठेवून श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ जळणंच आहे असं मांडलं, म्हणजे आपला विषय मूळचा त्याचाच.

एक शॉर्टकट आहे, एमसीक्यूला कामाचा. १८० ग्रॅम ग्लुकोजला २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १९२ ग्रॅम ऑक्सिजन, १०८ ग्रॅम पाणी. ह्यावरनं सरळ त्रैराशिक मांडा. १ ग्रॅम ग्लुकोजला साधारण १.४७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १.०७ ग्रॅम ऑक्सिजन, ०.६ ग्रॅम पाणी. पण आधी दहा-बारा गणितं लांबच्या रस्त्यानं करा मगच शॉर्टकटला हात घाला, कारण पेपरवाल्यानं ग्लुकोजच्या जागी दुसरं काही दिलं की शॉर्टकट गेला.

उलटं विचारलं तरी रस्ता तोच, फक्त दुसऱ्या टोकाकडनं. २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघाला तर ग्लुकोज किती जळलं? २२ भागिले ४४, अर्धा मोल. सहा कार्बन डायऑक्साइडला एक ग्लुकोज, म्हणून अर्ध्याला सहानं भागा, १/१२ मोल, गुणिले १८०, १५ ग्रॅम. ऑक्सिजन अर्धा मोल म्हणजे १६ ग्रॅम, पाणी ९ ग्रॅम. ताळा, १५ आणि १६ एकतीस, २२ आणि ९ एकतीस. गुणायचं का भागायचं असा गोंधळ होतोच, तेव्हा एवढंच विचारा की जे काढायचंय त्याच्या मोळ्या जास्त असणार का कमी. ग्लुकोज नेहमी कमी.

आता दोन्ही आकडे देतात ते गणित, ज्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात आणि ज्याला पोरं उगीच घाबरतात. मिसळ खायला बसल्यावर तर्री रग्गड आहे पण ब्रेडचे स्लाइस संपले, तर जेवण ब्रेडवरच थांबतं ना, तर्री कितीका उरेना, तेवढीच गोष्ट. ९० ग्रॅम ग्लुकोज आहे आणि ऑक्सिजन फक्त ८० ग्रॅम. ग्लुकोज अर्धा मोल, त्याला ऑक्सिजन तीन मोल पाहिजे, म्हणजे ९६ ग्रॅम. आहे ८०, म्हणजे अडीच मोल. कमी पडला. मग ग्लुकोजला विसरा, सगळा हिशोब ऑक्सिजनवरनं. कार्बन डायऑक्साइड अडीच मोल, ११० ग्रॅम. पाणी अडीच मोल, ४५ ग्रॅम. ग्लुकोज अडीच भागिले सहा गुणिले १८०, म्हणजे ७५ ग्रॅम जळलं, १५ उरलं. ताळा ७५ अधिक ८० बरोबर १५५, ११० अधिक ४५ बरोबर १५५. इथं चूक अशी होते की ८० ग्रॅम ९० पेक्षा कमी दिसतो म्हणून पोरं त्याला डोळे झाकून लिमिटिंग म्हणतात. ह्या गणितात नशिबानं बरोबर आलं. ऑक्सिजन ८० च ठेवून ग्लुकोज ७२ ग्रॅम घेतलं असतं तर ग्रॅममध्ये ग्लुकोज कमी, तरी ०.४ मोलला ऑक्सिजन २.४ मोल म्हणजे ७६.८ ग्रॅम लागतो, तो आहे, म्हणजे इथं संपणार ग्लुकोज. आणि ७८ ग्रॅम घेतलं तर? ८३.२ लागतो, आहे ८०, ग्लुकोज ग्रॅमनं कमी असूनसुद्धा संपतो ऑक्सिजन. ग्रॅम बघून ठरवायचं नाही, मोळ्या बघून.

पुस्तकात सारखं ग्लुकोज ग्लुकोज, पण घरात ग्लुकोज कोण खातंय. गूळ घ्या. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ, त्यात मुख्य भाग सुक्रोज, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाणी, क्षार वगैरे. गुळाचा २५ ग्रॅमचा खडा घेऊ आणि हिशोबापुरतं त्यात २० ग्रॅम सुक्रोज धरू, बाकीच्याकडं डोळेझाक. सुक्रोज म्हणजे सी१२ एच२२ ओ११, मोळीचं वजन ३४२. समीकरण,

१ सुक्रोज + १२ ऑक्सिजन → १२ कार्बन डायऑक्साइड + ११ पाणी

२० भागिले ३४२, गुणिले १२, म्हणजे ०.७०२ मोल. कार्बन डायऑक्साइड ३०.८८ ग्रॅम, ऑक्सिजन २२.४६ ग्रॅम. पाणी अकरा आहे बारा नाही हे विसरू नका, ११.५८ ग्रॅम. ताळा दोन्हीकडं ४२.४६.

आता बघा, वीस ग्रॅम ग्लुकोज असतं तर कार्बन डायऑक्साइड २९.३३ ग्रॅमच आला असता. सुक्रोजमधनं जास्त का? कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून सुक्रोज होतं तेव्हा मधनं एक पाणी निघून जातं, १८० अधिक १८० वजा १८ बरोबर ३४२, म्हणजे त्याच वजनात कार्बन जरा दाटीनं बसलेला. उसाचा रस आटवून गूळ करतात त्याच्याशी ह्याचा संबंध नाही, ते वरचं पाणी, हे रेणूतलं. भाचीनं हा प्रश्न लगेच विचारला म्हणून लिहिलं.

हा आकडा कितपत खरा वाटतो ते बघायला अजून एक हिशोब करू. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. तासाला १५ लिटर, भागिले २२.४, म्हणजे ०.६७ मोल, २१.४ ग्रॅम. आणि आपल्या खड्याला लागला २२.४६. म्हणजे रंकाळ्याच्या कट्ट्यावर पाय सोडून तासभर नुसतं बसलं की गुळाचा एक खडा उडाला. खरं तर शरीर साखर आणि चरबी मिसळूनच जाळतं त्यामुळं एवढं सरळ नसतंय, पण आकड्याची जात बरोबर आहे एवढं कळतं.

आत्ता मी २२.४ नं भागलं, त्याबद्दल थोडं. लिटर हा फसवा प्रकार आहे. एक मोल गॅस शून्य अंश सेल्सिअसला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला २२.४ लिटर जागा घेतो. दाब एक बार धरला तर २२.७, पंचवीस अंशाला एक ॲटमॉस्फिअरवर साधारण २४.५. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं हवेचा दाब ०.९४ ॲटमॉस्फिअरच्या आसपास, आणि दुपारचे तीस अंश धरले तर तोच एक मोल साडेसव्वीस लिटरच्या जवळ जातो. गॅस तोच, रेणू तेवढेच, जागा मात्र गावागणिक वेगळी. ग्रॅमला हा त्रास नाही, ४४ ग्रॅम इथंही ४४ आणि गोव्याच्या बीचवरही ४४. म्हणून प्रश्नात लिटर दिले असतील तर आधी तापमान आणि दाब काय दिलाय ते वाचा, शरीरक्रियेतले आकडे बहुतेक शून्य अंशाच्या हिशोबात सांगतात म्हणून मी २२.४ घेतलं.

ऑक्सिजनच नसला तर? मग समीकरणच बदलतं, आणि गॅसचे ग्रॅमपण बदलतात. यीस्टनं ग्लुकोज आंबवलं तर एका ग्लुकोजचे दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. १० ग्रॅम ग्लुकोजला १० गुणिले ८८ भागिले १८०, फक्त ४.८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, बाकी ५.११ ग्रॅम इथेनॉल. म्हणजे पूर्ण श्वसनाच्या एक तृतीयांश. आणि तालमीत पोरगं दमसासाच्या बाहेर बैठका मारतंय तेव्हा स्नायूत ग्लुकोजचं लॅक्टिक ॲसिड होतं, एकाचे दोन, १८० चे ९० आणि ९०, गॅस शून्य. "अनएरोबिक रेस्पिरेशनमध्ये किती कार्बन डायऑक्साइड" असं विचारलं तर यीस्ट का स्नायू हे आधी बघा, नाहीतर उत्तर ४.८९ का ० ह्यावर भांडत बसाल.

चरबीचा हिशोब तर सगळ्यात भारी. गल्लीतले एक काका रोज पहाटे रंकाळ्याला चकरा मारतात, वजन उतरलं की म्हणतात घामातनं गेलं. नाही गेलं काका. शरीरातल्या चरबीचा नमुना म्हणून सी५५ एच१०४ ओ६ असा रेणू धरतात, मोळीचं वजन ८६०, त्याला ७८ ऑक्सिजन लागतात आणि ५५ कार्बन डायऑक्साइड अधिक ५२ पाणी होतं. १० किलो चरबीला मांडा, ऑक्सिजन २९ किलो, कार्बन डायऑक्साइड २८ किलो, पाणी ११ किलो. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली हा हिशोब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला आणि अणूंचा माग काढत शेवटी असं दाखवलं की त्या १० किलोपैकी ८.४ किलो नाकातोंडातनं कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते, पाणी होतं फक्त १.६ किलोचं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग नुसता जोरात श्वास घेतो की. तसं नसतंय, श्वास जोरात घेतला म्हणून पेशी जास्त जाळत नाही, पेशीला काम दिलं की ती जाळते आणि मग श्वास आपोआप वाढतो.

इथंच आरक्यू, म्हणजे रेस्पिरेटरी कोशंट, पण होऊन जातं, निघालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोळ्या भागिले लागलेल्या ऑक्सिजनच्या मोळ्या. ग्लुकोज ६ भागिले ६, १. चरबी ५५ भागिले ७८, ०.७. इथं ग्रॅम घातलेत तर ग्लुकोजचं २६४ भागिले १९२, १.३७५ येईल आणि मार्क जातील, आरक्यू मोलचा किंवा लिटरचा असतो, ग्रॅमचा कधीच नाही.

एवढं सगळं झाल्यावर भाची म्हणाली हे सगळं कागदावर, खरं कशावरनं. मग म्हटलं करूनच बघू. आमच्याकडं मिसळीसाठी मटकी भिजलेलीच असते, कोंब आलेली शंभरेक ग्रॅम मटकी घेतली. कोंब फुटताना बी जोरात श्वसन करतं म्हणून ती बरी. कॉलेजात निघालेला गॅस पकडायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, घरी तो नको, कातडी जाळतो. आपण चुन्याची निवळी घेतली, पानाच्या ठेल्यावरचा चुना भरपूर पाण्यात ढवळायचा, रात्रभर निवू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी फडक्यातनं अलगद ओतून घ्यायचं. डोळ्यात जाऊ देऊ नका एवढी काळजी घ्या.

निवळी किती घ्यायची हेपण गणितच आहे. कार्बन डायऑक्साइड आणि चुना एकास एक, आणि एकास एक कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका होतो, ४४ ग्रॅमला १०० ग्रॅम. पण चुना पाण्यात लई थोडा विरघळतो, लिटरला दीडपावणेदोन ग्रॅम, आणि चुन्याची मोळी ७४. अडीचशे मिलिलिटरमध्ये झाला ०.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.२४ ग्रॅमच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड पकडेल, त्याच्या पुढं नाही. उलट जास्त गॅस गेला तर साका परत विरघळायला लागतो आणि दुधाळ झालेली निवळी स्वच्छ होते, तेव्हा लोभ नको. आणि बरणी मोठी पाहिजे. ०.२२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे ०.००५ मोल, तेवढाच ऑक्सिजन लागणार, म्हणजे मिलिलिटरमध्ये १२०-१३०, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर हवेतला सगळा ऑक्सिजन संपला. एक लिटरच्या बरणीत मटकी गुदमरून आंबायला लागेल आणि वरचं सगळं समीकरण बोंबलेल. आम्ही आईची पाच लिटरची लोणच्याची बरणी रिकामी करून घेतली, त्यावरनं जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

मटकी तळाला ओल्या फडक्यावर, निवळी पसरट वाटग्यात वरती वाटीवर ठेवलेली, झाकण घट्ट, कडेला मेण. शेजारी तेवढीच निवळी दुसऱ्या बरणीत मटकीशिवाय, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइडपण थोडी दुधाळ करतो, तो वजा करायला. रात्रभर ठेवलं आणि मधे तीन-चार वेळा बरणी हलवली, नाहीतर निवळीवर साय धरते आणि गॅस आत जात नाही.

सकाळी गाळलं. गाळायचा कागद आधी वाळवून वजन करून ठेवलेला, गाळून परत नीट वाळवला. आता ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन करणारा काटा घरात कुठनं, तर गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सोन्याच्या काट्यावर ठेवला. दुसऱ्या बरणीचा वजा करून साका भरला ०.४० ग्रॅम.

भाचीनं तिथंच काउंटरवर वही काढली. ०.४० भागिले १००, ०.००४ मोल साका, म्हणजे ०.००४ मोल कार्बन डायऑक्साइड, गुणिले ४४, ०.१७६ ग्रॅम. ऑक्सिजन तेवढाच मोल, ०.१२८ ग्रॅम. पुढं ग्लुकोज काढायला १८० नं गुणणार तेवढ्यात स्वतःच थांबली, म्हणाली मामा, मटकीत ग्लुकोज कुठाय, स्टार्च आहे ना. बरोबर, स्टार्चच्या साखळीत प्रत्येक ग्लुकोजमागं एक पाणी कमी, सी६ एच१० ओ५, वजन १६२. ०.००४ भागिले ६ गुणिले १६२, ०.१०८ ग्रॅम. थोडा गॅस निवळीपर्यंत पोचला नसणार, थोडा साका फडक्याला चिकटला असणार, म्हणजे खरा आकडा ह्याच्या वरच, खाली नाही.

सराफानं विचारलं ह्या पावडरीचा भाव काय. भाचीनं ताळा करून दाखवला, ०.१०८ अधिक ०.१२८ बरोबर ०.२३६, आणि ०.१७६ अधिक पाणी ०.०६० बरोबर ०.२३६, आणि स्टार्चला पाणी सहा नाही पाचच धरायचं हेपण त्यालाच समजावून सांगितलं.